समुद्र किनवटपासून दूर नाही

(किनवट येथे युवक व पालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून अनेकांना नवल वाटले असेल. सागाच्या जंगलांनी वेढलेल्या, माहूरगडाच्या सान्निध्यात वसलेल्या या गावात शिडाच्या नौकेविषयी बोलण्याचे प्रयोजन काय? पूर्वेचा असो वा पश्चिमेचा, समुद्रकिनारा येथून शेकडो किलोमीटर दूर आहे. नंदीग्राम एक्स्प्रेसने मुंबईस जावे, तेव्हा कुठे आपल्यातील अनेकांना समुद्राचे प्रथम दर्शन घडते.

परंतु मृग नक्षत्राच्या सुमारास आपण ज्या वाऱ्याची वाट पाहतो, तो कोठून येतो याचा विचार करा. दक्षिण हिंदी महासागरात आग्नेयेकडून वाहणारे व्यापारी वारे विषुववृत्त ओलांडतात, पृथ्वीच्या परिवलनामुळे उजवीकडे वळतात आणि नैर्ऋत्य मोसमी वारे होऊन आपल्या शेतांवर बरसतात. ते पाणी पैनगंगेला मिळते, पैनगंगा वर्धेला, वर्धा प्राणहितेला, प्राणहिता गोदावरीला, आणि गोदामाई ते बंगालच्या उपसागराच्या स्वाधीन करते. आपले वर्ष समुद्रावर सुरू होते आणि समुद्रातच संपते. समुद्राशी आपले नाते आहे. त्याची जाणीव मात्र क्षीण झाली आहे.

याच वाऱ्यांच्या प्रदेशातून एका मराठी नौदल अधिकाऱ्याने एकट्याने केलेल्या प्रवासाचे आज आपण सिंहावलोकन करणार आहोत. १९ ऑगस्ट २००९ रोजी कमांडर दिलीप दोंदे ‘म्हादेई’ नावाच्या शिडाच्या नौकेतून मुंबईहून निघाले आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून १९ मे २०१० रोजी मुंबईस परतले. एकट्याने, शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. या घटनेला आता दीड दशक उलटून गेले आहे. त्या वेळी वृत्तपत्रांत चार दिवस कौतुक झाले आणि समाज आपल्या कामाला लागला. म्हणून ते नऊ महिने, आणि त्यांच्या मागे उभी असलेली वर्षे, पुन्हा एकदा नीट पाहिली पाहिजेत.

तेर ते पाँपेई

प्रथम एका गैरसमजाचे निराकरण करू. समुद्र हा कोकणाचा विषय, मराठवाड्याचा नव्हे, अशी आपली समजूत आहे. इतिहास तसे सांगत नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी मार्गदर्शिकेत दख्खनच्या दोन बाजारपेठांचा नावानिशी उल्लेख आहे: पैठण आणि तगर. तगर म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर. पैठणचे मूल्यवान खडे आणि तेरचे कापड गाड्यांतून दुर्गम वाटांनी भडोच बंदरात जाई आणि तेथून जहाजांनी तांबड्या समुद्रामार्गे इजिप्तला, पुढे भूमध्य समुद्राच्या काठावरील नगरांत पोहोचे.

इटलीतील पाँपेई हे नगर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तेथील उत्खननात १९३८ मध्ये एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिच्याशी जवळचे साम्य असणाऱ्या मूर्ती आपल्याच मराठवाड्यात, तेर येथे आणि जालना जिल्ह्यातील भोकरदन येथे मिळाल्या. भूमध्य समुद्र आणि मराठवाडा यांच्यात दोन हजार वर्षांपूर्वी देवाणघेवाण होती आणि ती शिडांच्या जहाजांवरून होत होती, याचा याहून बोलका पुरावा कोणता हवा?

मधल्या काळात समुद्रगमन निषिद्ध मानले गेले. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी हिंदू समाजाच्या पायांतील ज्या सात स्वदेशी बेड्या सांगितल्या, त्यांत सिंधुबंदी ही एक होती. ती बेडी तोडण्याचे कार्य छत्रपती शिवाजी महाराजांनी त्यांच्या काळात प्रत्यक्ष कृतीने केले. शिवनेरीवर जन्मलेल्या, सह्याद्रीच्या कुशीत वाढलेल्या या राजाने आरमार उभे केले, १६६४ मध्ये सिंधुदुर्गाची पायाभरणी केली आणि १६६५ च्या प्रारंभी स्वतः जहाजावर चढून बसरूरची मोहीम केली. समुद्राकडे पाहण्याची दृष्टी किनाऱ्यावर जन्मल्यानेच येते असे नाही, हे महाराजांच्या चरित्रातूनच सिद्ध होते.

विंचुर्णीचे स्वप्न

दोंदे यांच्या प्रवासाची कल्पनाही किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्या एका मराठी माणसाची. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी हे नौदलाच्या पश्चिम विभागाचे प्रमुख म्हणून १९८३ मध्ये निवृत्त झाले. १९७१ च्या युद्धात ‘कामोर्ता’ या युद्धनौकेचे नेतृत्व करून त्यांनी वीरचक्र मिळवले होते. निवृत्तीनंतर त्यांनी मुक्काम केला तो सातारा जिल्ह्यातील फलटणजवळच्या विंचुर्णी या खेड्यात. पर्जन्यछायेतील ती भूमी. पाण्यासाठी आभाळाकडे डोळे लावून बसणारी. आपल्याला ती अनोळखी वाटायची नाही.

भारतीयाने, भारतात बांधलेल्या नौकेतून, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी हा ध्यास त्यांनी तेथे बसून घेतला. सैन्याच्या अभियंता दलाच्या तुकडीने १९८५ ते १९८७ या काळात ‘तृष्णा’ या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा केली होती. परंतु एकट्याने जाणे ही निराळी कसोटी होती. आवटींनी नौदलाला हा विचार पटवला आणि प्रश्न आला: जाणार कोण? २००६ च्या एप्रिलमध्ये दोंदे पुढे आले. एकट्याने महासागर ओलांडण्याचा अनुभव त्या वेळी त्यांच्या गाठीशी नव्हता. नौका नव्हती. ती बांधण्याचा अनुभव असलेला कारखानाही देशात नव्हता. होता तो केवळ होकार.

तरुण मित्रांनो, या होकाराकडे लक्ष द्या. सर्व साधने हाती आल्यावर पुढे येणारे पुष्कळ असतात. साधने नसताना ‘मी करतो’ म्हणणारा एक मिळाला, म्हणजे साधने जमू लागतात.

नऊ महिन्यांमागची तीन वर्षे

नौका बांधण्याचे काम गोव्यातील दिवाडी बेटावरचे रत्नाकर दांडेकर यांच्याकडे आले. फायबरग्लासच्या लहान नौका बांधणारा हा उद्योजक. दक्षिण महासागरातील लाटांना तोंड देणारी ५६ फुटी नौका त्यांनी पूर्वी बांधलेली नव्हती. आराखडा हॉलंडच्या संस्थेचा होता, पण तो प्रत्यक्षात उतरवणारे हात येथले. लाकडी पट्ट्या एकीला एक जोडून सांगाडा घडवायचा आणि त्यावर फायबरग्लासचे कवच चढवायचे, अशी ती पद्धत. जी नौका समुद्रात आपल्याला वाचवणार आहे तिचा सांधा न् सांधा आपल्याला ठाऊक हवा, म्हणून दोंदे बांधकामाच्या काळात दांडेकरांसोबत राहिले. मांडवी नदीचे वरच्या खोऱ्यातील नाव ‘म्हादेई’ आहे. तेच नौकेला देण्यात आले. २००९ च्या फेब्रुवारीत ती नौदलात दाखल झाली.

दरम्यान दोंदे इंग्लंडला जाऊन सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्या हाताखाली शिकून आले. कोठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे हे जगातील पहिले दर्यावर्दी. १४ जून १९६८ रोजी निघून २२ एप्रिल १९६९ रोजी ते इंग्लंडला परतले. त्यांची ‘सुहैली’ ही सागवानी नौका कोठे बांधलेली होती? आपल्या मुंबईत! जगाला थक्क करणारी नौका मुंबईच्या कारागिरांनी घडवली, आणि भारतीय माणसाला मात्र तशा प्रवासास निघायला त्यानंतर चार दशके लागली. सागाचे जंगल उशाशी असणाऱ्या किनवटकरांनी हा विचार मनात ठेवावा. लाकूड आपले, हात आपले. संकल्प तेवढा दुसऱ्याचा, हे किती काळ चालायचे?

मे २००९ मध्ये ‘म्हादेई’ मॉरिशसला गेली. जाताना दोंदे यांच्यासोबत सहकारी होते. परतताना ते एकटे होते. ही तालीम झाल्यावर मुख्य प्रवासासाठी फार दिवस उरले नव्हते. घाई कशाची होती? ऋतूची.

ऋतूचे गणित

समुद्रावर पंचांग पाळावेच लागते. आपले कोळी बांधव नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून होड्या पाण्यात लोटतात. रोमन लोकही भूमध्य समुद्र हिवाळ्यात ‘बंद’ मानीत आणि मार्चनंतर शिडे उभारीत. आजही युरोपातील हौशी कुटुंबे साधारण एप्रिल-मे ते ऑक्टोबर हा काळ भूमध्य समुद्रातील भ्रमंतीसाठी राखून ठेवतात. तेथे भरती-ओहोटी नगण्य, बेटे जवळजवळ, संध्याकाळी नांगर टाकायला बंदर मिळते. मात्र ग्रीसच्या समुद्रात उन्हाळ्यात उत्तरेचा मेल्टेमी वारा सुटला किंवा फ्रान्सच्या दक्षिणेस मिस्त्राल उसळला, की तोही समुद्र शिस्त शिकवतो. नौदलाची गोव्यात बांधलेली ‘तरंगिणी’ ही तीन डोलकाठ्यांची प्रशिक्षण नौका २०१८ मध्ये कोचीहून सुएझमार्गे युरोपात गेली ती याच हंगामात. एप्रिलमध्ये निघाली, ऑक्टोबरअखेर परतली. शिडाचे दोर ओढत आपल्या तरुण छात्रांनी त्या जुन्या व्यापारी मार्गाचे पुन्हा दर्शन घेतले.

‘म्हादेई’ला मात्र हा मार्ग वर्ज्य होता. शिडाच्या पृथ्वीप्रदक्षिणेचे नियम कठोर असतात. जेथून निघाले तेथेच परतायचे, सर्व रेखावृत्ते आणि विषुववृत्त ओलांडायचे, एकूण अंतर किमान २१,६०० सागरी मैल, म्हणजे सुमारे ४०,००० किलोमीटर भरले पाहिजे, आणि कोणत्याही कालव्याचा आधार घ्यायचा नाही. सुएझ नाही, पनामा नाही. ऑस्ट्रेलियाचे लीविन, दक्षिण अमेरिकेचे हॉर्न आणि आफ्रिकेचे गुड होप या तीन भूशिरांना वळसा घालून जायचे.

त्यांतील हॉर्न सर्वांत भीषण. ते जवळजवळ ५६ अंश दक्षिण अक्षवृत्तावर आहे. शाळेत आपण ‘गरजणारे चाळीस’ आणि ‘खवळलेले पन्नास’ पाठ केलेले असतात. त्या पट्ट्यात पश्चिमी वाऱ्यांना अडवायला जमीनच नाही. वारा आणि लाट पृथ्वीभोवती मोकळ्या फिरतात. तेथून जायचे तर दक्षिण गोलार्धाचा उन्हाळा, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी हाच काळ साधावा लागतो. आता उलट मोजत या. जानेवारीच्या सुमारास हॉर्न, त्याआधी न्यूझीलंड, त्याआधी ऑस्ट्रेलिया, म्हणून मुंबई सोडायची ऑगस्टमध्ये. त्या वर्षी नारळी पौर्णिमा ५ ऑगस्टला होती. ‘म्हादेई’ निघाली तिच्यानंतर जेमतेम दोन आठवड्यांनी. नैर्ऋत्य मोसमी वारे अजून तोंडावर येत होते. दोंदे परतले १९ मे रोजी, मुंबईत मोसमी पाऊस पोहोचण्यास सुमारे तीन आठवडे उरले असताना. सारा प्रवास दोन पावसाळ्यांच्या मध्ये बसवलेला होता. पेरणीची वेळ चुकली तर काय होते हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. दर्यावर्दीही तसाच, ऋतूचा बांधील.

एकट्याचा संसार

या नऊ महिन्यांत ‘म्हादेई’ चार बंदरांत थांबली: ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटल, न्यूझीलंडमधील लिटल्टन, फॉकलंड बेटांवरील पोर्ट स्टॅन्ले आणि दक्षिण आफ्रिकेतील केपटाउन. बंदरांमधील प्रत्येक टप्पा म्हणजे आठवडेच्या आठवडे चहूकडे पाणी. अशा प्रवासातला दिवस कसा असतो?

सलग झोप नाही. थोडा वेळ डोळा लावायचा, गजर झाला की उठून क्षितिज पाहायचे, नौकेची दिशा तपासायची, पुन्हा आडवे व्हायचे. सुकाणू धरायला स्वयंचलित यंत्र असते. पण ते बिघडले तर दुरुस्त करणारा दुसरा कोणी नाही. वारा वाढू लागला की शीड आधीच आवरून लहान करावे लागते. उशीर झाला तर शीड फाटते किंवा डोलकाठीवर संकट येते. रात्री, पावसात, कललेल्या नौकेवर हे काम करताना कमरेचा पट्टा दोरीला अडकवलेला असावा लागतो. पाण्यात पडलेल्या एकट्या माणसासाठी नौका थांबत नाही. स्वयंपाकाची शेगडीही झुलती असते, नौका कलली तरी भांडे सरळ राहावे म्हणून. सुतार, वीजतंत्री, आचारी, वैद्य आणि तांडेल, सगळ्या भूमिका एकाच माणसाच्या.

येथे धाडस हा शब्द अपुरा पडतो. वादळाच्या रात्री जे निभावते ते निरभ्र दिवशी नीट बांधलेल्या गाठीमुळे. रोज तपासलेला दोर, वेळेवर तेल दिलेली कप्पी, नोंदवहीत लिहिलेले इंधन आणि पाणी, यांतूनच प्रदक्षिणा पूर्ण होते. आपण कोणतेही सामाजिक काम करतो तेव्हा शिबिराचा समारोप सर्वांना दिसतो. त्यामागची रोजची उपस्थिती, हिशेबाची वही, सतरंजी घालणे आणि उचलणे कोणाला दिसत नाही. ‘म्हादेई’ची नोंदवही अशाच न दिसणाऱ्या कामाची साक्षीदार आहे.

एकामागून एक दिवे

दोंदे परतल्यावर हे कार्य थांबले नाही. त्यांच्या प्रवासात बंदरांवरची व्यवस्था पाहणारे अधिकारी अभिलाष टॉमी त्याच ‘म्हादेई’तून १ नोव्हेंबर २०१२ रोजी निघाले आणि कोठेही न थांबता ३१ मार्च २०१३ रोजी मुंबईस परतले. पुढे २०१८ च्या ‘गोल्डन ग्लोब’ शर्यतीत हिंदी महासागरातील वादळाने त्यांच्या नौकेची डोलकाठी मोडली, पाठीच्या कण्याला गंभीर इजा झाली. हालचाल करणेही अशक्य अशा अवस्थेत त्यांना एका फ्रेंच जहाजाने वाचवले. माणूस तेथेच थांबला असता तर कोणी दोष दिला नसता. त्यांनी पुन्हा चालायला शिकून त्याच शर्यतीत पुन्हा भाग घेतला आणि एप्रिल २०२३ मध्ये दुसरा क्रमांक मिळवला.

दांडेकरांच्याच कारखान्यात ‘म्हादेई’ची धाकटी बहीण ‘तारिणी’ तयार झाली. दोंदे यांनी नौदलातील महिला अधिकाऱ्यांना प्रशिक्षण दिले आणि लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा जणींनी सप्टेंबर २०१७ ते मे २०१८ या काळात पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. त्यानंतर लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनीच २ ऑक्टोबर २०२४ ते २९ मे २०२५ या काळात तीच ‘तारिणी’ जगाभोवती फिरवून आणली. ११ सप्टेंबर २०२५ रोजी तिन्ही सैन्यदलांतील महिला अधिकाऱ्यांची तुकडी ‘त्रिवेणी’ नौकेतून मुंबईहून प्रदक्षिणेस निघाली, तिचे नेतृत्व होते लेफ्टनंट कर्नल अनुजा वरुडकर यांच्याकडे.

आणि आता मराठवाड्याला विशेष जवळची गोष्ट. अजिंठ्याच्या लेण्यांत पाचव्या शतकातील एका शिडाच्या जहाजाचे चित्र आहे. ज्या अजिंठ्याच्या डोंगररांगेत आपली पैनगंगा उगम पावते, त्याच डोंगरातले हे चित्र. त्यावरून नौदल, संस्कृती मंत्रालय आणि दांडेकरांची गोव्यातील संस्था यांनी मिळून एक जहाज बांधले. केरळचे कुशल कारागीर बाबू शंकरन यांच्या मार्गदर्शनाखाली फळ्या खिळ्यांनी न ठोकता काथ्याच्या दोरीने शिवण्यात आल्या. ‘कौंडिण्य’ नावाचे हे जहाज मे २०२५ मध्ये कारवार येथे नौदलात दाखल झाले, २९ डिसेंबर २०२५ रोजी पोरबंदरहून निघाले आणि १४ जानेवारी २०२६ रोजी मस्कतला पोहोचले. समुद्रापासून इतक्या दूर, डोंगराच्या पोटात बसून ज्या चित्रकाराने जहाज रंगवले, त्याला जहाज ठाऊक होते. पंधराशे वर्षांनी त्याच्या रेषांना पाणी लागले.

पालकांशी चार शब्द

शेवटी येथे बसलेल्या माता-पित्यांशी बोलावयाचे आहे. मुलाने वा मुलीने सुरक्षित नोकरी धरावी, गावाजवळ राहावे, ही आपली इच्छा स्वाभाविक आहे. टॉमींच्या अपघाताची कथा मी मुद्दामच लपवली नाही. समुद्र कोणाचे लाड करीत नाही. परंतु ज्या समाजातील प्रत्येक घर फक्त सुरक्षिततेचाच विचार करते, त्या समाजाचे व्यापारमार्ग आणि किनारे दुसऱ्याच्या हाती जातात. सिंधुबंदीच्या काळात आपण हे अनुभवले आहे. शास्त्रातील सिंधुबंदी संपली. घराघरातली अजून शिल्लक आहे का, हे प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावे.

मार्ग उपलब्ध आहेत. छत्रपती संभाजीनगर येथे राज्य शासनाची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७ पासून मुलांना राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी तयार करीत आहे. मुलींसाठी तशीच संस्था नाशिकला आहे. प्रबोधिनीचे दार मुलींनाही खुले झाले आहे. गणित आणि भूगोल मनापासून शिका. चांगल्या मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली पोहायला शिका. दोरीच्या दहा गाठी डोळे मिटून बांधता येतील इतका सराव करा. प्रत्येक जण नौदलात जाईल असे नाही. पण जो जेथे जाईल तेथे ऋतूचे भान आणि कामाची शिस्त त्याच्या उपयोगी पडेल.

विंचुर्णीच्या कोरड्या माळावर बसून ॲडमिरल आवटींनी हे स्वप्न पाहिले. ते साकार झालेले त्यांनी पाहिले, एकदा नव्हे, तीनदा: दोंदे यांचे, टॉमींचे आणि ‘तारिणी’वरील कन्यांचे. ३ नोव्हेंबर २०१८ रोजी वयाच्या ९१ व्या वर्षी विंचुर्णीतच त्यांनी देह ठेवला. त्यांच्या हयातीत प्रत्येक वेळी ‘जाणार कोण’ या प्रश्नाला कोणीतरी हात वर केला होता. पुढच्या वेळी तो प्रश्न विचारला जाईल तेव्हा वर होणाऱ्या हातांत एखादा हात किनवटचा, माहूरचा, हदगावचा असावा, एवढीच अपेक्षा व्यक्त करतो आणि आपली रजा घेतो.

भारत माता की जय!